टिकटिक कशाबरोबर बदलते?

गाडीला वेग देताना टिकटिक आवाज येतो, असं गॅरेजमध्ये जाऊन सांगणाऱ्याला वाटतं की आपण दुखणं नेमकं सांगितलं. प्रत्यक्षात त्याने फार थोडं सांगितलेलं असतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटमधली वाढलेली फट टिकटिकते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं फुटलेलं पॅकिंग टिकटिकतं, सैल बसलेला स्पार्क प्लग टिकटिकतो, झिजलेला ॲक्सल जॉइंट टिकटिकतो, टायरच्या खाचेत रुतलेली खडी टिकटिकते आणि नीट न आवळलेला चाकाचा नटही टिकटिकतो. यातली खडी काढायला एक पैसा लागत नाही, मॅनिफोल्डच्या कामाला काही हजार लागतात, आणि सैल नटाकडे दुर्लक्ष झालं तर धावत्या गाडीचं चाक निखळू शकतं. इतक्या वेगवेगळ्या परिणामांची कारणं एकाच आवाजाच्या आड लपत असतील, तर आवाज कसा आहे याचं कितीही वर्णन केलं तरी पुढे सरकता येत नाही. माझं म्हणणं असं की निदानाची सुरुवात दुसऱ्या प्रश्नाने करावी: हा आवाज कशाबरोबर बदलतो?

अडचण अशी की ॲक्सिलरेटर दाबला की एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात. इंजिनाचे फेरे वाढतात, चाकांचे फेरे वाढतात आणि इंजिनावरचा भार वाढतो. चौथी गोष्ट, म्हणजे तापमान, हळूहळू मागून बदलत असते. चालवणाऱ्याला हे सगळं मिळून ‘पिकअप घेताना’ एवढंच जाणवतं. म्हणून ‘वेग देताना आवाज येतो’ हे वाक्य ऐकून मेकॅनिकने थेट टॅपेट कव्हर खोललं, तर तो त्या तिघांपैकी कोणाचा दोष आहे हे न ठरवताच काम सुरू करतो. आधी या गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या, मगच पाना हातात घ्यायचा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. थोडं साधं गणित आणि एक सपाट, रिकामा रस्ता पुरतो.

गणित असं. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांनी चालू आहे, तर एका सैल टॅपेटचे ठोके मिनिटाला 400 पडतील, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. इंजिन 3000 फेऱ्यांवर गेलं की तेच ठोके सेकंदाला 25 होतात, आणि सेकंदाला वीसच्या आसपास गेलेले ठोके आपला कान सुटे ऐकू शकत नाही; त्यांची घरघर होते. आता चाकाकडे पाहा. 165/80 आर 14 हे माप छोट्या मोटारींत आढळतं. त्या टायरचा व्यास साधारण 62 सेंटिमीटर आणि परीघ 1.95 मीटर. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटरहून किंचित जास्त. त्या वेगाला चाक सेकंदाला सहापेक्षा कमी फेरे घेतं. त्याच वेळी इंजिन 2000 फेऱ्यांवर असेल, तर एका व्हॉल्व्हचे ठोके सेकंदाला सतराच्या घरात असतील. म्हणजे ताशी 40 च्या वेगाने जाताना टिकटिक आरामात मोजता येत असेल, तर ती इंजिनातल्या व्हॉल्व्हची असण्याची शक्यता फार कमी. चाकाबरोबर फिरणाऱ्या एखाद्या वस्तूकडे संशयाची सुई वळते. केवळ मोजण्याने अर्धी गाडी चौकशीतून बाद होते, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी सत्य वाटतं.

मोजणं जमत नसेल तर गियर मदतीला येतो. एकच वेग धरून, समजा ताशी 40, गाडी आधी तिसऱ्या गियरमध्ये चालवावी आणि मग चौथ्यात. चाकांचे फेरे दोन्ही वेळा तेच राहतात, इंजिनाचे मात्र चौथ्यात कमी होतात. टिकटिकीची लय तीच राहिली तर ती चाकांच्या बाजूची. लय मंदावली तर इंजिनाची. त्यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून इंजिन आयडलला येऊ द्यावं. गाडी तशीच पुढे जात असते आणि इंजिन जवळपास विसावलेलं असतं. आवाज त्याच लयीत चालूच राहिला तर इंजिन निर्दोष. ही चाचणी घाटात किंवा रहदारीत करू नये, आणि इंजिन बंद करून तर मुळीच करू नये, कारण इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत लवकरच संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. उलट बाजूने, उभ्या गाडीत न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर दिल्यावरही आवाज येत असेल, तर चाकं आणि ॲक्सल या दोघांनाही सोडून देता येतं. उभ्या गाडीत आवाज अजिबात नाही, चालत्या गाडीत क्लच दाबला की नाही, पण चढाला किंवा जोरात पिकअप घेताना हमखास येतो, असं असेल तर उरतो तो भार.

आवाज चाकांच्या बाजूचा ठरला, तर क्रम धोक्याप्रमाणे लावावा. सर्वांत आधी चाकांचे नट, विशेषतः नुकताच टायर बदलला असेल किंवा पंक्चर काढलं असेल तर. मग टायरमध्ये खिळा किंवा खडी. खिळा दिसला तर तो तिथेच उपटू नये, आधी पंक्चरवाल्याकडे पोचावं. चाकाची प्लॅस्टिक टोपी सैल झाली तरी अगदी हुबेहूब टिकटिक होते. यानंतर ॲक्सल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींमध्ये प्रत्येक पुढच्या चाकापाशी एक सीव्ही जॉइंट असतो. त्यात पोलादी गोळ्या खाचांमधून सरकत शक्ती चाकाला देतात आणि चाक वळलं तरी फेरे एकसारखे ठेवतात. त्यावरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर उडतं, धूळ-पाणी आत जातं आणि खाचा झिजतात. पावसाळ्यातल्या खड्ड्यांच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवर फाटलेलं बूट काही महिने तसंच राहिलं, तर जॉइंट वाचणं कठीण. याची खूण स्पष्ट असते: स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळू वेगात, ॲक्सिलरेटर देत गाडी गोल फिरवली की कटकट वाढते. उजवीकडे वळताना वाढली तर बहुधा डावा जॉइंट, आणि उलट. चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं काळं ग्रीस दिसलं की शंका उरत नाही. इलेक्ट्रिक गाडीतही ॲक्सल आणि हे जॉइंट असतात, तेव्हा इंजिन नाही म्हणून टिकटिक नाही असं समजायचं कारण नाही.

इंजिनाकडे वळलं की तापमान फार मोलाची साक्ष देतं, आणि याच साक्षीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर टिकटिक मोठी, पिकअप घेताना आणखी मोठी, आणि दहा-पंधरा मिनिटांनी ती विरून जाते, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीचा विचार पहिल्यांदा करावा. कारण सरळ आहे. सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो. मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये बारीक फट असेल, तर प्रत्येक ठोका त्या फटीतून ‘टिक्’ करून निसटतो. भार वाढला की दाब वाढतो आणि ठोका जोरात येतो. धातू तापून पसरला की फट मिटते आणि आवाज थांबतो. हेड ॲल्युमिनियमचं आणि मॅनिफोल्ड बिडाचा असेल, तर दोघांचं तापमान निराळं आणि पसरण्याचं प्रमाणही निराळं. रोजच्या तापण्या-निवण्यात याचा ताण मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या स्टडवर येतो, आणि टोकाचे स्टड बहुतेक वेळा आधी तुटतात. जोडाशी काजळीचा काळा ओघळ दिसणं हा याचा डोळ्यांनी मिळणारा पुरावा. ‘गरम झाल्यावर जातो ना, मग राहू दे’ असं इथे म्हणू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही आणि वास नाही, आणि बॉनेटखाली गळणारा धूर हवा आत घेणाऱ्या जाळीतून केबिनमध्ये येऊ शकतो. शिवाय दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज घटतं आणि त्याचं कारण कोणालाच सापडत नाही.

तापमानाची साक्ष का घ्यायची, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या डॉज आणि राम गाड्यांमधलं 5.7 लिटरचं व्ही 8 हेमी इंजिन टिकटिकीसाठी इतकं प्रसिद्ध की लोकांनी तिला ‘हेमी टिक’ असं नावच दिलं. पण त्या एका नावाखाली दोन निराळी दुखणी नांदतात. एकात मॅनिफोल्डचे बोल्ट तुटलेले असतात. दुसऱ्यात व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिफ्टरचा रोलर खराब होऊन तो कॅमशाफ्टच खरवडत असतो. पहिल्यात बोल्ट बदलून भागतं, दुसऱ्यात इंजिन खोलावं लागतं. इंजिन तेच, आवाजाचं नाव तेच, पण गरम झाल्यावर आवाज विरतो की टिकतो, हे पाहिलं की दोघांमधला फरक बऱ्याच प्रमाणात समोर येतो.

इंजिन गरम झाल्यावरही टिकटिक राहते, फेऱ्यांबरोबर तंतोतंत वाढते, भाराने फारशी बदलत नाही, आणि टॅपेट कव्हरपाशी सर्वांत स्पष्ट ऐकू येते, तेव्हा व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे जावं. ज्या इंजिनांत फट हाताने लावावी लागते, तिथे ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते आणि फिलर गेजची पट्टी सरकवून तपासली जाते. हायड्रॉलिक लिफ्टर असतील तर ही फट तेलाचा दाब भरून काढतो. रात्रभर उभ्या गाडीत लिफ्टरमधलं तेल उतरतं, म्हणून सकाळी पहिले काही सेकंद टिकटिक होणं स्वाभाविक मानतात. ती मिनिटांवर गेली तर आधी डिपस्टिक पाहावी, तेल कमी आहे का, जुनं झालं आहे का, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आहे का. साध्या तेल-फिल्टरने मिटणाऱ्या कामासाठी टॅपेट कव्हर खोललं जातं, याचं वाईट वाटतं. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: सगळीच टिकटिक दुखणं नसते. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचे इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप जन्मापासून टिकटिकतात, आणि पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही चालताना टकटकतो.

टिकटिकणं म्हणजे दुखणंच असं नाही, तसंच न टिकटिकणं म्हणजे प्रकृती ठीक असंही नाही. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा, टॅक्सी आणि खासगी मोटारी मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो. सीएनजी कोरडं इंधन आहे. व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये ते पेट्रोलइतका ओलावा ठेवत नाही, त्यामुळे सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट कमी झाली की आवाज कमी होतो! इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटतं, मालक खूश असतो, आणि एके दिवशी फट शून्यावर येऊन व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायचा थांबतो. बंद व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊन थंड होतो. अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह जळतो. थोडंसं टिकटिकणारं टॅपेट बरं, टाइट झालेलं वाईट, ही गॅरेजमधली जुनी समजूत शास्त्राला धरून आहे.

आता भार. उभ्या गाडीत काही नाही, पण वरच्या गियरमध्ये कमी फेऱ्यांवर चढ चढताना, ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, आणि पाय उचलला की लगेच थांबतो. हे नॉकिंग. ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा उरलेला भाग दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून भडकतो, आणि सिलिंडरमधला वायू सेकंदाला सहा-सात हजार कंपनांनी थरथरतो. ही कंपनसंख्या मुख्यतः सिलिंडरच्या रुंदीवर ठरते, म्हणून फेरे वाढले तरी या आवाजाची पट्टी चढत नाही. कारणं अनेक: आत साठलेला कार्बन, तापलेलं इंजिन, ठिणगीचं पुढे गेलेलं टायमिंग, हलकं पेट्रोल. पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही हे ऑक्टेन आकडा सांगतो. प्रदूषणाचं बीएस 6 मानक लागू झालं तेव्हा साध्या पेट्रोलसाठी तो किमान 91 ठरवला होता, आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्यामुळे इथेनॉल मिसळल्याने नॉकिंग वाढतं ही समजूत चुकीची आहे. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर ही थरथर टिपतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. त्याने इंजिन वाचतं, पण ताकद कमी होते. चालवणाऱ्याचा पहिला उपाय फुकट आहे: चढाला खालचा गियर टाका. भाराबरोबरच वाढणारा दुसरा आवाज सैल प्लगचा. थ्रेडमधून प्रत्येक स्फोटाची फुसफुस येते. तिसरा, फुटलेल्या प्लग केबलमधून ठिणगी हेडवर उडण्याचा. तो अंधारात बॉनेट उघडून पाहिला तर डोळ्यांनाच दिसतो, आणि सोबत गाडी झटके देते.

यांतून वगळावा असा एक आवाज आहे, आणि तो वगळता येणं फार महत्त्वाचं आहे. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं की येणारी ठकठक जड असते, ती वरून नव्हे तर इंजिनाच्या खालच्या भागातून येते, आणि इंजिन गरम झाल्यावर, तेल पातळ झाल्यावर वाढते. ॲक्सिलरेटर किंचित सोडल्या-धरल्याच्या सीमेवर ती बहुधा सर्वांत स्पष्ट असते. जाणकार मेकॅनिक एकेका इंजेक्टरची जोडणी क्षणभर काढून पाहतो. ज्या सिलिंडरचा स्फोट थांबवल्यावर ठकठक दबते, तिथलं बेअरिंग दोषी. असं इंजिन चालवत राहिलं तर रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो, आणि मग दुरुस्तीचा विषयच संपतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तीस वर्षं काम केलेल्या मेकॅनिकला एवढ्या कसरतीची गरज नसते, तो कान लावून सांगतो. त्याच्या कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तो कान काय करतो ते पाहा: तो ॲक्सिलरेटर देतो, सोडतो, थंड इंजिन मागतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठिकठिकाणी टेकवून मूठ कानाला लावतो, चक्कर मारून येतो. म्हणजे तोही आवाज कशाबरोबर बदलतो हेच पाहतो. सवयीमुळे ते त्याला पायऱ्यापायऱ्यांनी करावं लागत नाही. शिवाय धातूतून आवाज प्रवास करतो, आणि मॅनिफोल्डची गळती टॅपेट कव्हरवर टॅपेटसारखीच ऐकू येते. जाणकार फसतो तो इथे. धातूचा दांडा लावल्यावर जिथे आवाज फारसा वाढत नाही, पण रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं जोडाजवळ धरलं की खणखणीत येतो, तिथे धातू वाजत नसून वायू निसटतोय, हे त्याच्याच हत्यारांनी सिद्ध होतं. अर्थात फिरत्या बेल्ट-पंख्याजवळ हे काम त्यानेच करावं, मालकाने नव्हे.

दुसरा आक्षेप स्कॅनरचा: गाडीत कॉम्प्युटर आहे, तो दोष सांगेलच. कॉम्प्युटर फक्त तेवढंच सांगतो जेवढं त्याचे सेन्सर मोजतात. पी 0300 हा कोड मिसफायर होतंय एवढं सांगतो. ते सैल प्लगने की जळलेल्या व्हॉल्व्हने, हे सांगत नाही. चाकाचा नट, ॲक्सलचं बूट, टॅपेटची फट यांच्यावर सेन्सरच नाहीत. उलट मॅनिफोल्डच्या गळतीत तो ‘मिश्रण पातळ’ असा कोड देऊन माणसाला इंधनाच्या पंपाकडे आणि इंजेक्टरकडे पिटाळू शकतो. स्कॅनर जरूर लावावा, पण चारही गोष्टी तपासून झाल्यावर; तेव्हा त्याच्या कोडचा अर्थ लावता येतो.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो सर्वांत प्रचलित आहे: जाड तेल टाकून बघू, आवाज गेला तर काम झालं. जाड तेलाने आवाज खरोखर दबतो, कारण वाढलेल्या फटीत तेलाचा जाड थर बसतो. पण फट तशीच राहते. वर, 0 डब्ल्यू-20 सारख्या पातळ तेलासाठी बांधलेल्या इंजिनात जाड तेल थंडीत वरपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि नेमकी त्या पहिल्या क्षणांतच झीज सर्वाधिक होते. एकामागून एक सुटे भाग बदलत जाण्याचाही हाच दोष: तिसऱ्या भागानंतर आवाज थांबला, तर पहिल्या दोघांचे पैसे कशासाठी गेले ते कोणी सांगत नाही. चाचण्यांना अर्धा तास लागतो, आणि पेट्रोल सोडलं तर त्यांचा खर्च शून्य आहे.

गॅरेजमध्ये जाण्याआधी एवढं लिहून न्या: उभ्या गाडीत येतो का, एकाच वेगाला गियर बदलल्यावर लय बदलते का, चढाला वाढतो का, गरम झाल्यावर राहतो का. काहीही खोलण्याआधी मेकॅनिकला सोबत घेऊन एक चक्कर मारा आणि शक्य तर गाडी आदल्या रात्री तिथे ठेवा, म्हणजे सकाळचा थंड आवाज त्याला स्वतः ऐकता येईल. पण टिकटिकीबरोबर डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागला असेल, तर यातली कुठलीही चाचणी करू नका. तो दिवा तेलाचा दाब गेल्याचा आहे. गाडी कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि टोइंगला फोन करा.